फुकटचा पहारेकरी



घरातली जुनी वस्तू टाकून न देता तिचा काही उपयोग झाला, की आपल्याला कोण आनंद होतो! जुन्या साडीची गोधडी होते, रिकाम्या बरणीत डाळ जाते. मार्च महिन्यात मीही अशीच खूश झाले होते. ती खुशी मला कशी महागात पडली, ते आज सांगते.

माझ्या नणंदेचा मुलगा इथेच कोल्हापुरात इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मामी, टीव्ही, दारावरचा कॅमेरा, मुलांचे मोबाइल, तुझे बँकेचे व्यवहार, सगळं एकाच वायफायवर. मी फायरवॉल बसवून देतो." फायरवॉल म्हणजे वाड्याच्या दरवाजावरचा पहारेकरी. इंटरनेटवरून घरात कशाला येऊ द्यायचं आणि कशाला नाही, हे तो ठरवतो. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली आला, त्यात फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घातलं, आणि तो रात्रंदिवस कोपऱ्यात घुमू लागला. खर्च एक पैसा नाही!

पुढचं विजेचं बिल चांगलंच फुगून आलं. मी सरळ सासूबाईंवर घसरले. "आई, रात्रभर पंखा लावून झोपता, मग बिल येणार नाही तर काय?" त्या काही बोलल्या नाहीत. ऐन वैशाखात पंखा बंद करून झोपू लागल्या. पुढचं बिल थोडं उतरलं, पण पहिल्यासारखं काही झालं नाही.

उलगडा झाला तो शाळेत. विज्ञानाच्या बाई रजेवर, म्हणून त्यांचा तास माझ्याकडे आला होता. वॅटला तासांनी गुणा, हजाराने भागा, म्हणजे युनिट. मुलांना उदाहरण सांगता सांगता माझ्या डोळ्यांपुढे तो कोपऱ्यातला कॉम्प्युटर आला!

घरी येऊन भाच्याला प्लगमध्ये लावायचं मीटर आणायला सांगितलं. कॉम्प्युटर नुसता चालू असताना ६५ वॅट घेत होता. दिवसाचे २४ तास, महिन्याचे ३० दिवस, म्हणजे जवळजवळ ४७ युनिट! सासूबाईंचा ७५ वॅटचा पंखा रोज आठ तास चालला तरी महिन्याला १८ युनिट. शिवाय महावितरणचा दर १०० युनिटच्या पुढे चढतो. आमचा वापर शंभराच्या आतबाहेर, म्हणजे हे ४७ युनिट बहुतेक चढ्या दरातच गेले. मी आधी सासूबाईंची माफी मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं, आता पंखा लाव."

तेव्हा बायांनो, असं काही घेण्याआधी हिशेब करा. पहिली गोष्ट, आपल्या राउटरमध्येही साधा फायरवॉल असतोच. त्याचा मूळ पासवर्ड बदला, सॉफ्टवेअर अद्ययावत करा, कॅमेरा आणि टीव्ही 'गेस्ट' वायफायवर टाका. पुष्कळ घरांना एवढं पुरतं, आणि खर्च शून्य.

तरीही वेगळी पेटी हवीच असेल, तर तीन प्रश्न विचारा.

वॅट किती? अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर गुणा. १२ व्होल्ट, दीड अँपिअर म्हणजे फार तर १८ वॅट. प्रत्यक्ष वापर बहुधा कमीच असतो.

लॅनची तोंडं किती? एक बाहेरच्या इंटरनेटला, एक घराला, अशी दोन हवीत. रास्पबेरी पाय वीज कमी खातो, पण त्याला एकच तोंड असतं. दुसरं वेगळं जोडावं लागतं.

सॉफ्टवेअर कोणतं? ओपनडब्ल्यूआरटी हे फुकट आहे आणि बऱ्याच स्वस्त राउटरवर चालतं. मात्र राउटरच्या पाठीवरचा मॉडेल आणि आवृत्तीचा नंबर त्यांच्या यादीशी ताडून मगच पैसे द्या. पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स हवं असेल, तर इंटेल एन१०० सारख्या चिपची, पंखा नसलेली छोटी पेटी पाहा. आणि ज्याला सुधारणा येणं बंद झालंय, असं जुनं यंत्र स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. ते म्हणजे गंजलेलं कुलूप.

दहा वॅटची पेटी महिन्याला सातच युनिट घेते. म्हणजे चाळीस युनिट वाचले. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला चारशे. नऊ-दहा हजारांची पेटी दोन वर्षांत आपले पैसे फेडते. साधा राउटर त्याहून लवकर फेडतो. आम्ही राउटरच घेतला.

आणखी एक फायदा. पावसाळ्यात वीज गेली, तर असा १२ व्होल्टचा राउटर छोट्या यूपीएसवर काही तास चालतो. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या आपल्याला त्याचं मोल वेगळं सांगायला नको. फायबरची डबीही त्याच यूपीएसवर घ्यायला विसरू नका.

एक मात्र ध्यानात ठेवा. फोनवर गोड बोलून ओटीपी मागणाऱ्याला कुठलाही फायरवॉल अडवत नाही. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० ला फोन करा.

तुमच्या घरी दिवसरात्र काय काय चालू असतं? आज स्वयंपाक उरकला की वही-पेन्सिल घेऊन बसा, आणि बेरीज किती झाली ते मला जरूर कळवा. त्याआधी घरात कुणावर रागावू मात्र नका!