ऐकणाऱ्याचे ऋण

कलामहोत्सवांची आज मुंबई नगरीत वाण नाही. 1999 सालापासून काळा घोडा परिसरात भरू लागलेल्या महोत्सवाने चित्र, नृत्य, नाट्य आणि साहित्य यांना बंद दालनांतून उचलून भर रस्त्यावर आणले, आणि नागरिकांनीही त्यांचे मनःपूर्वक स्वागत केले. अलीकडच्या काही वर्षांत अशा महोत्सवांतून आणखी एक प्रकार रुजू लागला आहे. व्यासपीठावर एकच मनुष्य उभा राहतो. त्याच्या तोंडाला रंग नसतो, हाती कागद नसतो, पाठीशी साथसंगत नसते. स्वतःच्या आयुष्यात खरोखर घडलेली गोष्ट तो पाच-दहा मिनिटांत सांगतो, लोक टाळ्या वाजवितात आणि पुढच्याचे नाव पुकारले जाते.

या प्रकाराचे आजचे रूप बव्हंशी अमेरिकेतून आलेले आहे. जॉर्ज डॉज ग्रीन या कादंबरीकाराने 1997 साली न्यूयॉर्क शहरात 'द मॉथ' ही संस्था काढली. जॉर्जियातील एका घराच्या ओसरीवर मित्रमंडळी रात्री गोष्टी सांगत बसत आणि दिव्याभोवती पतंग घिरट्या घालीत. त्या आठवणीवरून संस्थेला हे नाव मिळाले. गोष्ट खरी असावी, स्वतःची असावी आणि कागद न पाहता सांगावी, एवढेच तिचे नियम. तिच्या स्पर्धांत सांगणाऱ्यांची नावे चिठ्ठ्या काढून ठरतात आणि श्रोत्यांतूनच नेमलेले परीक्षक गुण देतात.

वेष परदेशी असला तरी मराठी माणसाने यात नवल मानण्याचे कारण नाही. स्वतःचे खरे सांगण्याची आमची परंपरा जुनी आहे, आणि तिच्यातील उत्तम लेणी विद्वानांच्या घरची नव्हेत. 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्या बाईंनी लिहिली, त्यांना रीतसर शाळा अशी लाभलीच नाही. पतीचे धर्मांतर, त्यापायी घडलेली वर्षानुवर्षांची ताटातूट आणि पुन्हा मांडलेला संसार हे सारे त्यांनी घरात बोलावे तसे लिहिले. अभिनेत्री हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' तर शब्दशः सांगितलेलेच पुस्तक होय. त्यांनी सांगितले, अरुण साधूंनी ते शब्दांकित केले, आणि 1970 साली ते पुस्तकरूपाने आले. 1978 च्या 'बलुतं'मध्ये दगडू पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. सांगणारा आणि ऐकणारा एकच मनुष्य आहेत, हे वाचकाच्या ध्यानात येते तेव्हा त्याच्या पोटात कालवते. आपले ऐकून घेण्यास बाहेर कोणी नव्हते, म्हणून त्या माणसाला स्वतःचेच दोन भाग करावे लागले की काय, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

आमच्या मते सगळा प्रश्न येथेच आहे. खरे सांगणाऱ्याच्या धैर्याचे कौतुक पुष्कळ होते; खरे ऐकणाऱ्याच्या जबाबदारीविषयी मात्र कोणी बोलत नाही. 'बलुतं' प्रसिद्ध झाल्यावर स्तुती झाली तशी टीकाही झाली, आणि झाकलेले उघडे केले म्हणून स्वकीयांचाही रोष लेखकाने सोसला. सत्याची किंमत नेहमी सांगणारा देतो; ऐकणाऱ्याला ते फुकट मिळते, फार तर तिकिटाच्या दरात.

ही गोष्ट प्रस्तुत लेखकाने पुस्तकांतून शिकलेली नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी, शिक्षकी पेशात असताना, नववीच्या वर्गाला 'माझे वडील' हा निबंध घातला होता. चाळीस वह्यांतून चाळीस आदर्श वडील निघाले. सगळे पहाटे उठणारे, कष्टाळू आणि निर्व्यसनी. एका मुलाने मात्र लिहिले होते की, वडिलांची गिरणी बंद आहे, ते दिवसभर खिडकीशी बसतात, आणि संध्याकाळी आई कामावरून परतली की तिच्या नजरेला नजर देत नाहीत. असा निबंध शिक्षकाला दहा वर्षांतून एकदा वाचायला मिळतो. आनंदाच्या भरात आम्ही तो दुसऱ्याच दिवशी नावानिशी वर्गात वाचून दाखविला आणि दहापैकी आठ गुण दिल्याचेही जाहीर केले. मागच्या बाकावर कोणी तरी हसले. मुलगा मान खाली घालून बसला होता. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्याने प्रत्येक निबंध मार्गदर्शिकेतून उतरवून आणला.

त्याची परवानगी घ्यावी, हे आमच्या मनातही आले नव्हते. त्याच्या वडिलांना आम्ही कधी भेटलो नव्हतो. पण चाळीस घरांत त्यांचे नाव आम्हीच पोहोचविले होते. हेतू चांगला होता, हे खरे. चांगल्या हेतूने केलेला अपराध लवकर ध्यानात येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तो मुलगा ज्या गिरणगावातला होता, त्याची कहाणी या नगरीने तरी कितीशी ऐकली? 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही; गिरण्या मात्र एकामागून एक थंडावल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे आणि बाजार उभे राहिले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या आणि त्यांच्या घरच्या बायकांच्या तोंडून तो इतिहास गोळा करून 2004 साली ग्रंथरूपाने दिला, हे या शहरावरचे उपकारच होत. परंतु ग्रंथ कपाटात राहतो आणि महोत्सव रस्त्यावर भरतो. काळा घोडा ते लालबाग हे अंतर काही कोसांचे नव्हे. तरीही अशा सत्यकथनाच्या बैठकींतून इंग्रजी सफाईने बोलणारी तरुण मंडळीच पुष्कळदा दिसतात. त्यांची दुःखे खोटी आहेत, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु सत्य सांगण्याचा अधिकार सफाईदार जिभेपुरता राहिला, तर तो वक्तृत्वाचा उत्सव होईल, सत्याचा नव्हे.

म्हणून संयोजकांस आमची काही स्पष्ट सूचना आहेत. सांगणाऱ्याला कार्यक्रमाच्या क्षणापर्यंत माघार घेता आली पाहिजे, आणि त्याचे ध्वनिमुद्रण वा चित्रमुद्रण पुढे त्याच्या इच्छेनुसार काढून टाकता आले पाहिजे. कथेत जी माणसे येतात आणि जी व्यासपीठावर नाहीत, त्यांची नावे झाकण्याची काळजी आधीच घ्यावी. बैठकी मराठीत, हिंदीत, कोकणीत आणि तेलुगूतही व्हाव्यात. त्या फोर्टपुरत्या न ठेवता परळच्या आणि लालबागच्या मैदानांत भराव्यात. ज्यांची अनुमती असेल त्यांच्या कथा सार्वजनिक ग्रंथालयांत जतन करून ठेवाव्यात. आणि माणसाच्या आयुष्याला गुण देणे बंद करावे. गाण्याला गुण देता येतात, नाटकाला देता येतात. कोणाच्या मुलाच्या मरणाला दहापैकी किती द्यावयाचे?

यावर असा आक्षेप येईल की, इतकी बंधने घातली तर उत्सवाची मौजच जाईल. आम्हांस तसे वाटत नाही. आपली लाज राखली जाईल, असा विश्वास ज्याला वाटतो तोच मनातले खरे बोलतो. इतर सारे टाळी घेणारे तेवढे सांगतात. बंधनांमुळे कथा थोड्या कमी होतील, पण त्या अधिक खऱ्या असतील.

श्रोत्यांकडेही आमचे एक मागणे आहे. त्या मंडपातून बाहेर पडताना आपण कोणाचे तरी काही घेऊन निघालो आहोत, याचे भान असू द्यावे. ते चारचौघांत मिटक्या मारीत सांगण्यासाठी दिलेले नसते. तो मुलगा आज चाळिशीच्या पुढे असेल. एखाद्या संध्याकाळी तो अशा मंडपात आला, तर त्याला आपली गोष्ट सांगावीशी वाटेल काय? या महोत्सवांची खरी परीक्षा तीच आहे. आमच्या परीक्षेचा निकाल त्याने त्याच वर्षी, कोऱ्या चेहऱ्याने, मार्गदर्शिकेतून उतरविलेल्या निबंधांनी दिला होता.