बेचाळीस दिवसांची राखण, अडीचशे रुपये

बाळंतीण श्रीवर्धनच्या रुग्णालयातून हरिहरेश्वरला घरी आली की विचारपूस करायला दारात येते ती गावची आशा. तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत तिच्या सहा भेटी ठरलेल्या असतात. बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजायचे, नाळ तपासायची, आईला रक्तस्राव जास्त होत नाही ना, अंगावरचं दूध नीट येतंय ना हे पाहायचं आणि सगळं कागदावर उतरवायचं. काही वावगं दिसलं तर गाडी शोधण्यापासून पुढचं सगळं तिच्याच गळ्यात. पावसाळ्यात बागमांडल्याच्या बाजूची एखादी वाडी गाठायलाच अर्धा दिवस जातो.

या सहा भेटींचे मिळून 250 रुपये. भेटीला 42 रुपयेसुद्धा पडत नाहीत. त्यातही अटी आहेत: वजनाची नोंद, लसी, जन्मनोंदणी, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई व बाळ दोघंही सुखरूप. म्हणजे पाच भेटी चोख दिल्या आणि बाळ दगावलं, तर नियमाप्रमाणे मोबदलाही गेला. मुलगा नापास झाला म्हणून मास्तरांचा पगार कोणी कापत नाही, कारण मास्तर नोकरीत आहेत. आशा 2005 पासून, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हापासून, कागदोपत्री स्वयंसेविका आहे. त्यामुळे किमान वेतन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, हक्काची पगारी रजाही नाही.

घरी जाऊन केलेल्या या शुश्रूषेचं मोल काय, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं. तिथले नवजात मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला आणि 2011 मध्ये केंद्राने ही पद्धत देशभर आशांकडे सोपवली. पद्धत उचलली, करणारीला मात्र नोकरी दिली नाही. याचा मला मनापासून राग येतो.

कौतुकाला तोटा नाही. करोनाकाळात चाकरमानी गावी परतले तेव्हा घरोघर नोंदी ठेवल्या त्या आशांनी. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम चालली तीही त्यांच्याच पायांवर. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. पुढच्याच वर्षी राज्यातल्या आशा संपावर गेल्या. मानधनवाढ जाहीर झाली, शासन निर्णय निघेना, म्हणून जानेवारी 2024 मध्ये पुन्हा संप करून त्या आझाद मैदानावर बसल्या. अखेर मार्च 2024 मध्ये दरमहा 5,000 रुपये वाढीचा निर्णय निघाला. वाढ मोठी आहे, पण दर्जा होता तोच राहिला.

सरकारचं म्हणणं असं की हे अर्धवेळ, सेवाभावी काम आहे. रात्री दोनला फोन आला तर उठावं लागणारं काम अर्धवेळ कसं? योजनेवर राबणाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस 2013 मध्ये खुद्द भारतीय श्रम परिषदेने केली होती. अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये मान्य केला. तो निकाल अंगणवाडीपुरता राहिला.

खासगीतही चित्र फारसं वेगळं नाही. मुलं मुंबई-पुण्यात, म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून ब्युरोतून चोवीस तासांची बाई ठेवली जाते. तिची मालक ब्युरो की घरचे, हे विचारलं की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

हे वाचणाऱ्या चाकरमान्यांना माझं सांगणं आहे. घरी अशी बाई ठेवली असेल तर पगार, कामाचे तास आणि आठवड्याची सुट्टी कागदावर लिहून द्या. आणि गणपतीत गावी जाल तेव्हा मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, आमच्या आशाला कर्मचारी म्हणून कधी घेणार?