मुके होत चाललेले आकडे

जपानी माणूस ४६४९ एवढेच लिहितो आणि वाचणारा त्यातून 'योरोशिकु', म्हणजे आपल्या भाषेत 'लोभ असावा', हा अर्थ काढतो. पहिल्या चाराचा 'यो', सहाचा 'रो', दुसऱ्या चाराचा 'शि' आणि नवाचा 'कु'. एकाच संख्येत चार दोनदा आला व दोन निराळ्या ध्वनींनी वाचला गेला. कारण मूळ देशी आणि चीनहून आलेले असे दोन्ही उच्चार त्या भाषेने जपले आहेत. या खेळाला तेथे 'गोरोआवासे' म्हणतात. 'नि-कु' म्हणजे मांस, म्हणून दर महिन्याची २९ तारीख तेथे मांसविक्रीची. १९९० च्या दशकात तेथील तरुण पेजरवर नुसत्या आकड्यांतून निरोप धाडीत.

हा पोरखेळ आहे, असे म्हणणारे आमच्या परिचयात आहेत. आम्हांस ते मान्य नाही. ज्या भाषेचे आकडे कानात जिवंत असतात, त्याच भाषेला हा खेळ साधतो. आपल्याकडेही ही सामग्री थोडी नाही. दोन हा आकडा मराठीत 'दोन' आहे, पाढ्यात 'बे' आणि 'दुणे' आहे, बारा-बावीसमध्ये 'बा' आहे. चाराचे 'चोक' होतात, चौदा-चौतीसमध्ये 'चौ' होतो. साडेतीनाला आपण 'औट' म्हणतो. म्हणून तर औटकीचा पाढा आणि औट घटकेचे राज्य. दक्षिणेत कटपयादी पद्धतीने अक्षरांनाच अंक दिले गेले: 'धीरशंकराभरणम्' या मेळकर्त्याच्या नावातील 'ध' म्हणजे ९ व 'र' म्हणजे २, उलट वाचले की २९, तोच त्याचा क्रमांक.

२०१९ मध्ये महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आले आणि वादळ उठले. विधानसभेत अजित पवार यांनी तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांना आता 'फडण दोन शून्य' म्हणायचे काय, असा चिमटा काढला. गोरोआवासेचा याहून चांगला मराठी नमुना आम्हांस ठाऊक नाही. वास्तविक त्या आडनावातला 'वीस' हा आकडा नव्हेच. 'फर्दनवीस' या फारसी शब्दातील 'नवीस' म्हणजे लिहिणारा. तरीही कोटी साधली, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या कानात वीस होता.

त्या वेळी आम्हीही येथे भोपाळात बसून संतापलो होतो. आज वाटते, तो संताप चुकीच्या दिशेला गेला. लिहिताना आधी वीस आणि बोलताना आधी एक, हा उलटा क्रम आणि जोडाक्षरे मुलांना जड जातात, हे विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे विचार करण्याजोगे होते. शिवाय जुनी पद्धत रद्द झालेली नव्हती; आणि 'वीस एक' हे दोन्ही शब्द मराठीच होते.

आमच्या घरांत मात्र तेवढेही उरलेले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ राजधानी झाले. नागपूर, इंदूर, ग्वाल्हेरहून सरकारी चाकरीसाठी, आणि भेलच्या कारखान्यापायी, मराठी कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. पावकी-निमकी घोकलेली ती पिढी. तिची आम्ही मुले बरखेड्याच्या भाजीबाजारात हिंदीत हिशेब करतो, ते व्यवहाराला धरून आहे. परंतु घरात नातवाला दूरध्वनीचा क्रमांक आम्ही इंग्रजीत सांगतो, आणि 'एकोणसाठ' म्हटले की तो आमच्या तोंडाकडे पाहत राहतो. दोष त्याचा नाही, शाळेचाही नाही. तो आमचा आहे.

कोजागिरीला आपण जमतो, आटीव दूध पितो आणि हाऊजी खेळतो. पुकारणारा 'लेग्ज इलेव्हन', 'टू फॅट लेडीज' म्हणतो आणि आपण हसतो. म्हणजे आकड्यांचा पोरखेळ आम्हांस वर्ज्य नाही. तो मराठीत खेळण्याचा तेवढा आळस आहे. आमची सूचना साधी आहे. येत्या कोजागिरीला हाऊजीचे नव्वदही आकडे मराठीत पुकारावेत, 'छत्तीसचा आकडा' आणि 'तीन तेरा' यांसह. एकोणनव्वदला मुले अडखळतील, मोठेही अडखळतील. अडखळू द्यावे; पण आकडा मराठीतच पुकारावा.