काळी स्क्रीन म्हणजे बिघाड नव्हे!



विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं, त्यामुळे आपल्याकडची बरीच जुनी मशीन त्यात बसत नाहीत. अशा वेळी 'विंडोज ठेवा आणि शेजारी लिनक्स टाका' हा सल्ला सगळीकडून मिळतो. सल्ला चांगलाच आहे, मीही तोच देईन. पण माझी तक्रार अशी की तो अर्धवट दिला जातो. इन्स्टॉल कसं करायचं ते सगळे सांगतात. रीस्टार्टनंतर स्क्रीन काळी पडली तर काय करायचं, ते फारसं कोणी सांगत नाही. आणि नेमके तिथेच आपण हात टेकतो.

माझंही तेच झालं. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या माझ्या लॅपटॉपवर मी उबुंटू टाकलं, रीस्टार्ट केलं आणि समोर काळोख! दुरुस्तीवाला म्हणाला, "सर, पूर्ण फॉरमॅट मारावं लागेल." त्यात दोन वर्षांची निकालपत्रकं होती, बॅकअप नव्हता. मन धजेना म्हणून लॅपटॉप तसाच घरी आणला. संध्याकाळी शांत बसून पाहिलं तर सुरुवातीच्या मेनूत विंडोज जागच्या जागी होतं. निकालपत्रकंही सुखरूप! घाबरल्यामुळे मेनूकडे लक्षच गेलं नव्हतं.

मग बिघडलं काय होतं? लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सुरू होतानाच ग्राफिक्स ड्रायव्हर लोड करतो. एनव्हीडियाच्या कार्डांसाठी 'नूव्हो' नावाचा मुक्त ड्रायव्हर आधीपासून असतो, पण काही कार्डांशी त्याचं जमत नाही. अशा वेळी संगणक आतून चालू असतो, फक्त चित्र दिसत नाही. वर्गात शिक्षक शिकवताहेत, पण फळा दिसत नाही, असं समजा. फळा दिसत नाही म्हणून कोणी शाळा पाडत नाही ना?

उपाय असा. सुरुवातीच्या मेनूत उबुंटूच्या ओळीवर थांबा. (मेनू आलाच नाही, तर संगणक सुरू होताना एस्केप एकदा दाबा.) मग कीबोर्डवरचं 'ई' दाबा. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' हा शब्द इंग्रजीत टाइप करा: एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी. आता एफ 10 दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला ठेवून साध्या चित्रावर काम चालव, असा याचा अर्थ. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, म्हणून घाबरू नका.

आत गेल्यावर 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स' उघडा, 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स'मध्ये जा, 'टेस्टेड' लिहिलेला ड्रायव्हर निवडा आणि रीस्टार्ट करा. सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन येते, तिथे 'एन्रोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत ही पायरी सोडली तर नवा ड्रायव्हर लोडच होत नाही, आणि आपण म्हणतो, 'लिनक्स चालत नाही बुवा!'

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. परतीची वाट माहीत नसेल तर इन्स्टॉलला हात लावू नका. आधी फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. लिनक्ससाठी जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच मोकळी करा. आणि वरचा 'नोमोडसेट'चा उपाय वहीत लिहून ठेवा, कारण स्क्रीन काळी असताना हा लेख त्याच संगणकावर वाचता येणार नाही!

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप शिक्षकाने का करायचा? मला वाटतं, आपणच करायचा. गणित चुकलं की 'पायऱ्या तपास, चूक कुठे झाली ते बघ' असं आपण मुलांना सांगतो. वही फाडून नवी घे, असं सांगत नाही. मग संगणक अडला की पहिला शब्द 'फॉरमॅट' का? शाळेच्या लॅबमध्ये काळी स्क्रीन आली आणि मुलांसमोर तुम्ही वही उघडून ती दुरुस्त केलीत, तर त्या दहा मिनिटांत मुलं जे शिकतील ते कुठल्याच धड्यात नाही.

तेव्हा या सुट्टीत एका जुन्या मशीनवर करून बघाच. पण आधी वही, मग पेन ड्राइव्ह!