कर्ता ओळखा

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी समोरच्या इमारतीत एक अग्निबाण आगंतुक पाहुण्यासारखा शिरला. तो कोणाच्या बाटलीतून सुटला हे अखेरपर्यंत कळले नाही. पण दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरीवर तो उतरला आणि शेजारची रद्दी पाहता पाहता पेटली. चार बादल्या पाण्यात तिकडचे प्रकरण मिटले. आमच्याकडे मात्र ते मिटेना. रात्री जेवताना नऊ वर्षांच्या चिरंजीवांनी विचारले, “बाबा, आपल्या घरी आग लागली तर आपण काय करायचं?”

मी मराठीचा प्राध्यापक. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे गेली वीस वर्षे मुलांना समजावून देत आलो आहे. पण या प्रश्नावर मला एकच उत्तर सुचले : “आधी जेव!”

सुटी संपण्यापूर्वी मात्र मी फुलस्केप कागद घेऊन बसलो. घराचा नकाशा काढला. प्रत्येक खोलीतून बाहेर पडायच्या दोन वाटा दाखवाव्यात, असा नियम. पहिली वाट दाराची. दुसरी शोधायला गेलो तेव्हा ध्यानात आले की, तिसऱ्या मजल्यावर चोर येऊ नये म्हणून आम्ही स्वतःलाच पिंजऱ्यात घातले आहे. बाल्कनीच्या जाळीला उघडणारी एक खिडकी होती. तिला कुलूप होते. आणि कुलपाची किल्ली, तासभर शोधल्यावर, सौभाग्यवतींच्या बटणांच्या डब्यात सापडली. दाराबाहेर चपलांचे कपाट आणि त्याला टेकून चिरंजीवांची सायकल. दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे गेली. त्यांतली बहुतेक जळून नव्हे, तर धुराने गुदमरून. बाल्कनीतून बाहेर पडायची एक वाट जादा खुर्च्या बसवून बंद केलेली होती. ते आठवले आणि आमचे कपाट मला निराळेच दिसू लागले. त्याच दिवशी ते घरात गेले, सायकल खाली गेली आणि किल्ली जाळीजवळच्या खिळ्यावर आली.

मग नियम लिहिले. आगीपेक्षा धूर आधी गाठतो. गरम धूर वर चढतो, म्हणून श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत असते. वाकून, वेळ पडल्यास रांगत जावे. बंद दार उघडण्यापूर्वी त्याला तळहाताची मागची बाजू लावावी; गरम लागले तर उघडू नये. बाहेर पडताना मागचे दार ओढून घ्यावे. बंद दार आगीला आणि धुराला अडवून धरते. लिफ्ट वापरू नये. झोपेत धुराच्या वासाने जाग येईलच असे नाही, म्हणून छताला धुराची घंटा बसवावी. सर्वांनी फाटकाजवळच्या चिंचेखाली जमावे आणि तिथून १०१ क्रमांकाला फोन करावा. शेवटचा नियम : ‘आईला घेऊन बाहेर पडावे.’ कागद स्वच्छ अक्षरात उतरवला आणि फ्रिजला चिकटवला. उत्तरपत्रिकेला दहापैकी नऊ गुण देण्याचा मोह मला झाला.

“अहो, कागदावर सगळं सोपंच असतं,” सौ. म्हणाल्या. “एकदा करून बघा.”

रविवारी सकाळी सात वाजता मी लाटण्याने ताट बडवले. कन्यका उशीसकट उठली, चिरंजीव आनंदाने रांगत सुटले, सौ. केस बांधत निघाल्या. आम्ही जिना उतरून चिंचेखाली पोहोचलो. घड्याळ पाहिले : एक मिनिट पन्नास सेकंद. मी सर्वांना शाबासकी देणार, तोच चिरंजीव म्हणाले, “बाबा, आजी कुठंय?”

चिंचेखाली आम्ही चौघेच होतो.

मला वाटले होते, सौ. आईला आणतील, रोज देवळात त्याच नेतात. सौ.ना वाटले होते, मुलगी आणील. ती आजीच्याच खोलीत झोपते. आणि मुलगी म्हणाली, “मला वाटलं, बाबा आणतील. त्यांची आई आहे ना!”

मी दोन दोन पायऱ्या चढत वर गेलो. आई पलंगाच्या कडेला बसली होती. चपला घातलेल्या, पदर खोचलेला, काठी हातात.

“मी केव्हाची तयार आहे रे,” ती म्हणाली. “पण या गुडघ्यांना कुणाचा तरी हात लागतो. म्हटलं, येईल कुणीतरी.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरे झाले असते.

फ्रिजवरचा कागद मी पुन्हा वाचला. ‘आईला घेऊन बाहेर पडावे.’ वाक्य शुद्ध होते. फक्त त्यात कर्ता नव्हता. ‘कर्ता ओळखा’ हा प्रश्न दरवर्षी मुलांना घालणाऱ्या माणसाने हे वाक्य लिहिले होते.

नवा कागद सर्वांनी मिळून लिहिला. आजीला मुलगी हात देईल. ती घरी नसेल तर मी. मी नसेन तर सौ. चिरंजीव कुणाला शोधणार नाहीत, पलंगाखाली लपणार नाहीत. थेट चिंचेखाली जातील. फोन मी करीन. बाहेर आलेला कुणीही, कशाहीसाठी, परत आत जाणार नाही.

“आणि देव?” आईने विचारले. मी गप्प राहिलो. तीच म्हणाली, “असू दे. लिही तसंच.”

जिन्यातच धूर असेल तर? तेव्हा सर्वांनी आईच्या खोलीत जायचे. ती रस्त्याच्या बाजूला आहे. दार लावून फटीत ओले टॉवेल कोंबायचे, तिथून १०१ ला फोन करून नेमकी खोली सांगायची आणि खिडकीत पांढरी चादर हलवायची. हे आईच्या गुडघ्यांना मानवणारे होते.

दुसरी कवायत रात्री, दिवे घालवून केली. तीन मिनिटे दहा सेकंद लागले. पहिल्यापेक्षा बरेच जास्त. पण चिंचेखाली पाच माणसे होती.

वर येताना समोरच्या ब्लॉकमधल्या काकू दारात उभ्या होत्या. एकट्याच राहतात; मुलगा परदेशी. काय चालले आहे ते चिरंजीवांनी त्यांना साग्रसंगीत सांगितले. त्या हसल्या आणि मग जरा थांबून म्हणाल्या, “तुमच्या कागदावर माझं नाव आहे का हो?”

नव्हते.

आता आहे. ‘निघताना काकूंचे दार मी ठोठावीन व त्यांना हात देईन.’ त्यांची जादा किल्ली आमच्या दारामागच्या खिळ्यावर असते. यंदाची कवायत वसुबारसेला, दिवे लावण्यापूर्वी करायची असे ठरले आहे. काकूंनी तर त्यासाठी खास नवी काठी आणली आहे.

वाचकहो, फराळाची यादी झाली असेल तर तसाच आणखी एक कागद घ्या. वाक्यरचनेची फिकीर करू नका. फक्त कर्ता तेवढा लिहा.