बाकी मिटवू नका

दिवाळी उरकली की ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या कातकरी वाड्या रिकाम्या व्हायला लागतात. नवराबायकोची जोडी, पोरं, भांडीकुंडी, कोंबड्या असं सगळं टेम्पोत चढतं आणि भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर उतरतं. काही कुटुंबं आणखी लांब, कोळसा पाडायला जातात. परतायचं ते पावसाच्या तोंडावर. जाण्याआधी मुकादमाच्या हातून उचल घेतलेली असते. भट्टीवर आठवड्याची खर्ची मिळते, पाडलेल्या विटांचा हिशोब हजारी दराने मालकाच्या वहीत चढतो, आणि हंगामअखेर त्या वहीत जे उरतं ती बाकी. वही मालकाची, लिहिणारा मालकाचा, आणि जिच्या नावावर आकडा चढतो तिला बहुधा वाचता येत नाही.

उचल घेऊन काम करणारा प्रत्येक जण वेठबिगार असतो असं नाही. हिशोब चोख देणारे मालकही असतात. बिघाड सुरू होतो तो बाकीच्या जोरावर माणसाला अडवलं जातं तेव्हा. आजारी असलात तरी थापायला बसा, लग्नाला जायचं तर बायको इथे ठेवा, पळालात तर वाडीवर येऊन उचलून नेऊ. पैसे उकळण्यासाठी धमकी देणाऱ्याला आपण खंडणीखोर म्हणतो. इथे धमकीने श्रम उकळले जातात, म्हणून त्याला व्यवहार म्हणायची सवय लागली आहे.

यातली रक्कम किती लहान असू शकते हे लक्षात ठेवावं. 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या मोखाड्यात 2021 च्या जुलैमध्ये एका कातकरी मजुराने आत्महत्या केली. मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या 500 रुपयांपायी त्याला राबवून घेतल्याचा गुन्हा मागाहून नोंदला गेला. पुढच्या वर्षी, शहापूरला लागून असलेल्या इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं थोडी रोकड आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात मेंढ्या राखायला दिली गेल्याचं उघड झालं, तेही एक लहान मुलगी दगावल्यावर.

आता ज्यांच्यासाठी हे लिहितो आहे त्यांच्याकडे वळतो. मालक आणि मुकादम हा लेख वाचणार नाहीत. वाडीवरचा शिक्षक, आशाताई, सरपंच, एखादा तरुण वकील, संघटनेत नवा आलेला कार्यकर्ता हे वाचतील, आणि अडकलेलं कुटुंब पहिल्यांदा यांच्यापैकीच कुणाच्या तरी दारात येतं. दारात आलेल्याला बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो: बाकी किती आहे? मग फोन होतात, मालकाला चार शब्द समजुतीचे सांगितले जातात, बाकी अर्ध्यावर येते, कुणीतरी ती भरतो. भरणारा पुष्कळदा दुसऱ्या भट्टीचा मुकादम असतो. कुटुंब सुटलं असं आपण समजतो. प्रत्यक्षात ते एका वहीतून दुसऱ्या वहीत गेलेलं असतं, आणि या खेपेला मध्यस्थ आपण असतो. माझ्या मते या भागातली सर्वांत धोक्याची मदत हीच आहे, कारण ती करणाऱ्याला चांगलं वाटतं.

वेठबिगार पद्धत (निर्मूलन) कायदा 1976 चा, त्याआधीचा अध्यादेश ऑक्टोबर 1975 चा. या कायद्याने वेठीमागचं कर्ज कमी केलं नाही, पूर्ण रद्द केलं. कलम 9 तर असं सांगतं की रद्द झालेल्या कर्जापोटी पैसे स्वीकारणं हाच गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे वेठ असेल तिथे पंचांसमोर बसून ‘मिटवलेली’ बाकी घेणारा गुन्हा करत असतो. कर्ज वेठीचं नव्हतं हे सिद्ध करण्याची जबाबदारीही कलम 15 ने सावकारावर टाकली आहे. मजुराने कागद दाखवायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली, आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेलं काम सक्तीच्या श्रमात मोडतं असं म्हटलं. पुढच्याच वर्षी बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की सक्तीचं काम दिसलं की त्यामागे उचल आहे असं गृहीत धरावं. इतका भक्कम कायदा हाताशी असताना आपण आकड्यावर घासाघीस करतो.

पण कायदा भक्कम आहे म्हणून ‘घाबरू नका, तक्रार करा’ एवढं सांगून मोकळं होणंही तितकंच घातक. भट्टीवरून एकटा पुरुष निसटून पोलीस ठाण्यात येतो तेव्हा त्याची बायको-पोरं मालकाच्या आवारात असतात. तक्रारीची कुणकुण आधी मालकाला लागली तर मारहाण होते, कुटुंब रातोरात दुसरीकडे हलवलं जातं, वही बदलते. म्हणून क्रम महत्त्वाचा. कोण कोण आत आहे, किती पोरं आहेत, भट्टी नेमकी कुठल्या गावच्या शिवारात आहे, हे गाजावाजा न करता आधी समजून घ्यावं. मग लेखी अर्ज एकाच वेळी जिल्हाधिकारी, प्रांत आणि पोलीस अधीक्षक यांच्याकडे जावा, आणि अधिकारी पोलिसांसह भट्टीवर जाऊन सगळ्यांना एकदम बाहेर काढतील असं पाहावं. जीवावर बेतलं असेल तर अर्जाची वाट पाहू नये, 112 ला फोन करावा. मूल एकटं अडकलं असेल तर 1098. मालकाला आधी फोन करून ‘विचारून घेणं’ कटाक्षाने टाळावं. मोबाइलवर व्हिडिओ काढून गटांत फिरवणंही टाळावं. त्यात आपलं नाव होतं आणि आतल्यांना मार पडतो.

हद्दीचा घोळ ठरलेलाच. मजूर मुरबाडचा, उचल दिली शहापुरात, भट्टी भिवंडीत. काही ठाणी ग्रामीण पोलिसांची, काही शहर आयुक्तालयाची. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर आलं तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घेणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे अदबीने पण ठामपणे सांगावं. आदिवासीला वेठीला धरणं हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालीही गुन्हा आहे. अनुसूचित जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क असून विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक 15100 आहे. आणि उचल देणाऱ्याकडे परवाना नसताना तो व्याजाचा धंदा करत असेल तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली सहायक निबंधकाकडे वेगळी तक्रार होते.

धमकीपुढे गप्प बसणं फक्त गरिबांच्याच वाट्याला येतं असं नाही. कॅनडातल्या ब्रॅम्प्टन आणि सरे या शहरांत 2023 पासून दक्षिण आशियाई, मुख्यतः पंजाबी, व्यावसायिकांना खंडणीचे फोन येऊ लागले, घरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. सप्टेंबर 2025 मध्ये कॅनडा सरकारने या खंडण्यांशी नाव जोडलं गेलेल्या बिश्नोई टोळीला दहशतवादी संघटना ठरवलं. पोलिसांचा सल्ला एकच: पैसे देऊ नका, मेसेज पुसू नका, कळवा. त्या माणसांकडे दुकान आहे, वकील आहे, इंग्रजी आहे. तरीही गावाकडच्या नातेवाइकांच्या काळजीने कित्येक जण गप्प राहतात. मग वहीतला आकडाही वाचू न शकणारी बाई बोलत नाही म्हणून तिला भित्री ठरवण्याचा आपल्याला काय अधिकार? तिच्याकडे पुसायला मेसेजसुद्धा नसतो. ती सांगेल ती तारीख, मिळालेली खर्ची, टेम्पो कुणाचा होता, हे शाळेच्या वहीत लिहून ठेवलं तरी पुढे चौकशीत ते उपयोगी पडतं.

सुटका झाली की काम संपलं, ही आणखी एक गैरसमजूत. मुक्तता प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय पुनर्वसनाचं काही हलत नाही. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत आता 30,000 रुपयांपर्यंत आहे. पुढची मोठी रक्कम, पुरुषाला एक लाख आणि स्त्री किंवा मुलाला दोन लाख, खटल्याच्या निकालाशी बांधलेली असल्याने ती वर्षानुवर्षं येत नाही. तोवर आषाढ-श्रावण येतो, घरातला तांदूळ संपतो, आणि दारात मुकादम उभा राहतो. विवेक आणि विद्युल्लता पंडितांची श्रमजीवी संघटना 1982 पासून या जिल्ह्यात वेठबिगारांना सोडवत आली, तरी उचल बंद झाली नाही, याचं एक कारण या दोन महिन्यांत आहे. मुरबाडच्या सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 ला इंग्रजी पोलिसांच्या गोळीने पडलेल्या भाई कोतवालांना ते कळलं होतं. त्यांनी शेतकऱ्यांना सावकारापासून वाचवायला धान्यपेढ्या काढल्या होत्या. आपण दरवर्षी सिद्धगडावर हार घालतो, पेढ्यांचं नाव काढत नाही. आदिवासी कुटुंबांना अशा टंचाईत आधार म्हणून असलेली खावटी सरकारने 2020 मध्ये पुन्हा सुरू केली ती कुटुंबामागे 4,000 रुपयांची, निम्मी रोख आणि निम्मी वस्तूरूपाने.

1976 च्या कायद्याने प्रत्येक उपविभागात प्रांतांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती बसवली असून तीत त्याच उपविभागात राहणारे अनुसूचित जाती-जमातींचे तीन सदस्य असायला हवेत. शहापूरसाठी ती भिवंडीला, मुरबाडसाठी कल्याणला. या तीन जागांवर कोण आहे, त्यांतलं कातकरी कोण आहे आणि शेवटची बैठक कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाहीत. अर्ज श्रावणाआधी टाकावा, म्हणजे उत्तर मुकादमाच्या फेऱ्या सुरू होताना हातात असेल.