घरमालक की सावकार?

मध्यमवर्गीयाचे दुसरे घर ही आता आमच्या शहरांत नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. वडिलांच्या मागे राहिलेल्या दोन खोल्या, निवृत्तीच्या पैशातून घेतलेला फ्लॅट, मुलगा परदेशी गेल्यामुळे बंद पडलेले बिऱ्हाड, अशी घरे पुण्या-मुंबईच्या कोणत्याही भागात दाखविता येतील. या घराचे करावे काय, हा प्रश्न वरवर खासगी दिसतो. परंतु तो तेवढाच नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागांत एक कोटी दहा लाखांवर घरे रिकामी आढळली होती. एकीकडे दारांना कुलपे आणि दुसरीकडे जागेसाठी वणवण, असे जेथे चित्र आहे, तेथे दुसऱ्या घराचा मालक काय ठरवितो याच्याशी समाजाचाही संबंध पोचतो.

या मालकापुढे दोन वाटा आहेत. घर भाड्याने द्यावे, की एखाद्या गरजूला ते हप्त्यांनी विकून उरलेल्या किमतीवर व्याज घ्यावे? समजा, घराची किंमत ८० लाख आहे आणि भाडे महिना २० हजार येते. वर्षाचे झाले २ लाख ४० हजार. म्हणजे शेकडा ३. त्यातून घरपट्टी, डागडुजी, गृहनिर्माण संस्थेचे बिनभोगवटा शुल्क आणि अधूनमधून घर रिकामे राहिल्याचा तोटा वजा जावयाचा. आता तेच घर २० लाख रोख घेऊन आणि उरलेले ६० लाख दहा वर्षांच्या हप्त्यांनी, दरसाल ९ टक्के व्याजाने फेडून घेण्याच्या बोलीवर विकले, तर महिना सुमारे ७६ हजार हाती येतात आणि नळ गळाला तरी तो दुसऱ्याने दुरुस्त करावयाचा! हा हिशेब मोहक आहे, हे आम्ही नाकारीत नाही.

भाड्याच्या वाटेविषयी मालकांच्या मनात भीती आहे आणि ती निष्कारण उत्पन्न झालेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. १९७३ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारीस परवान्याने राहत असलेले लोक एका रात्रीत भाडेकरू ठरले. दुधाने तोंड पोळलेल्या मालकाने नंतरची कित्येक वर्षे ताक फुंकून प्यावे, यात नवल कसले? पण परिस्थिती पालटली आहे. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या २४ व्या कलमान्वये, राहण्यासाठी परवान्याने दिलेल्या घराचा ताबा मुदत संपताच सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून मागता येतो. मुदतीनंतर अडून बसणाऱ्यास दुप्पट आकार द्यावा लागतो. करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे, एवढी अट मात्र पाळावयास हवी. कारण तो नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे प्रथम खरे धरले जाते.

हप्त्यांच्या विक्रीकडे पाहू गेल्यास तेथे धोका कोणाला, हे आधी विचारले पाहिजे. असे घर घेणारा माणूस कोण असतो? ज्याला बँक दारात उभी करते, तो मालकाच्या हप्त्यांकडे सहसा वळणार नाही. वळेल तो रिक्षावाला, खानावळ चालविणारी बाई, हातगाडीवरून दुकानापर्यंत पोचलेला व्यापारी. त्यांची कमाई खरी असते. पण पगाराचा कागद नसतो. वर्षानुवर्षे साठविलेले २० लाख तो मालकाच्या हाती ठेवतो आणि बदल्यात त्याला बहुधा मिळतो केवळ एक साठेखताचा कागद. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५४ वे कलम स्पष्ट सांगते, की विक्रीच्या नुसत्या कराराने मिळकतीत हक्क उत्पन्न होत नाही. करार आणि मुखत्यारपत्र यांच्या जोरावर मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये बजावले आहे. दिलेल्या पैशाबद्दल दाद मागता येते, हे खरे. पण ती दिवाणी न्यायालयात, आणि तेथील तारखा कोणास ठाऊक नाहीत?

या व्यवहाराची परिणती कोठवर जाते, याचा धडा अमेरिकेतील शिकागो शहराने दिला आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत तेथील कृष्णवर्णीयांना बँका गृहकर्ज देत नसत. त्यांना घरे मिळत ती अशाच हप्त्यांच्या करारावर. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याची. एक हप्ता चुकला की घरही गेले आणि भरलेले पैसेही गेले. तेच घर मग दुसऱ्या गरजूला पुन्हा विकले जाई. १९६८ मध्ये या खरेदीदारांनी संघटना उभारून हप्ते रोखले. शेकडो कुटुंबांना नवे करार मिळाले. न्यायालयातील दावे मात्र ते हरले. ड्यूक विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासाने या लोकांकडून काढलेली जादा रक्कम तीन ते चार अब्ज डॉलर ठरविली आहे. तेथे वर्णाची भिंत होती, येथे पगारपत्रकाची आहे. परंतु ज्याला दुसरे दार नाही त्याच्याशी केलेला करार कसा वाकतो, हे दोन्हीकडे सारखेच.

मग हप्त्यांची विक्री त्याज्य समजावी काय? आमचे मत तसे नाही. सरळ मार्ग उपलब्ध आहे. खरेदीखत आजच नोंदवून द्यावे, संस्थेचा भागदाखला खरेदीदाराच्या नावे करावा आणि उरलेल्या रकमेसाठी त्याच घराचे नोंदणीकृत गहाणखत लिहून घ्यावे. म्हणजे मालकी घेणाऱ्याची, तारण विकणाऱ्याचे आणि कर्ज फेडून घर सोडविण्याचा हक्क अबाधित. करांच्या दृष्टीनेही साठेखताची लपवाछपवी फारशी फलदायी नाही. नोंदलेल्या कराराने ताबा दिला, की सर्वसाधारणपणे मुद्रांक शुल्क खरेदीखताप्रमाणेच लागते आणि भांडवली नफ्याचा कर हप्ते येण्याची वाट पाहत नाही.

या सरळ मार्गास मालक कचरतात, याचे कारण उघड आहे. हप्ते थकले तर २००२ च्या कायद्याने बँकांना न्यायालयाबाहेर वसुलीचा अधिकार दिला आहे. खासगी गहाणदाराला सहसा दिवाणी दाव्याखेरीज गती नाही. येथे शासनाने हात घातला पाहिजे. २४ व्या कलमाने भाड्याच्या घरांना जो विश्वास दिला, तोच लहान घरांच्या अशा गहाणांना द्यावा. त्वरित निकाल देणारा अधिकारी नेमावा. मात्र थकलेला हप्ता भरण्यास पुरेशी मुदत, दरवर्षी हिशेबाचा उतारा आणि घर विकावे लागल्यास देणे वजा जाता उरलेली रक्कम खरेदीदाराला परत, या तीन अटी कायद्यातच असाव्यात.

तोपर्यंत दुसऱ्या घराच्या मालकांना आमचे सांगणे एकच. खरेदीखत करून देण्याची तयारी असेल, तर हप्त्यांनी जरूर विका. ती नसेल, तर घर भाड्याने द्या, करार नोंदवा आणि शेकडा ३ मध्ये समाधान माना. घर भाड्याने देणारा घरमालकच राहतो. मालकी स्वतःपाशी ठेवून हप्ते गोळा करणारा सावकार होतो. सावकारी पाशाने या महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, हा इतिहास जुना नाही. तोच पाश शहरातल्या दोन खोल्यांभोवती, आणि तोही आम्हा सुशिक्षितांच्या हातून, आवळला जाऊ नये.